पाण्याची रेघ

सांगली
रविवार, रात्र

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "दहा दिवसांत चार शहरं, तीही कामातनं वेळ काढून. मग बघितलंस काय?" मी तेव्हा कंपनीच्या गेटवर होतो, मागे ट्रक भरणं चाललं होतं, धड बोलता आलं नाही. आज सवड काढून लिहितोय. पत्र लांबणार आहे आणि शेवटी तुझ्याकडे एक मागणंही आहे, तेव्हा सावकाश वाच.

कामाचं थोडक्यात सांगतो. आमच्या कुपवाडच्या फाउंड्रीतनं जी कास्टिंग जर्मनीतल्या बव्हेरियात जातात, त्यांच्या दोन लॉटमध्ये ब्लो होल, म्हणजे धातूत हवेच्या पोकळ्या, निघाले. वाळूत ओल जास्त राहिली होती, चूक आमचीच. ते मिटवायला गेलो, आणि जातोच आहे तर ड्रेस्डेनजवळचं एक गिऱ्हाईक आणि इटलीत प्रातोचं एक, अशी कामं एका फेरीत बसवली. मधला रविवार प्रागमध्ये पडला. तिकडे कारखाने भल्या सकाळी सुरू होतात आणि चारच्या सुमाराला पार्किंग रिकामं होतं, त्यामुळे संध्याकाळ हाताशी राहायची. पहिल्या खेपेला अशा संध्याकाळी मी पाच-पाच ठिकाणं गाठली होती आणि घरी आल्यावर कुठला फोटो कुठल्या गावचा ते सांगता येत नव्हतं. ह्या वेळी ठरवून गेलो होतो : एका संध्याकाळी एकच जागा, तीही पायी.

पहिलं गाव पासाऊ. जर्मनीच्या टोकाला, ऑस्ट्रियाच्या हद्दीवर. तिथं तीन नद्या मिळतात : डॅन्यूब, इन आणि इल्झ. जुन्या गावाच्या शेवटी जमिनीची निमुळती जीभ पाण्यात गेलेली आहे. तिथं उभं राहिलं की डाव्या हाताला डॅन्यूब, उजव्या हाताला इन. इनचं पाणी आल्प्समधनं येतं, हिरवट. इल्झ दलदलीच्या रानातनं येते म्हणून काळपट. पाणी मिळालं तरी लगेच मिसळत नाही, दोन रंग बराच वेळ शेजारी शेजारी चालतात. बापू, मला दुसरं काही सुचलंच नाही, हरिपूरच आठवलं. संगमेश्वराच्या देवळामागं उभे राहून, वारणा कृष्णेत शिरते तिथं, तुझ्या तात्यांनी आपल्याला पाण्याचे दोन रंग दाखवले होते. आपण तेव्हा चौथीत असू. "नदी नदीला लगेच आपलं म्हणत नाही," असं म्हणाले होते ते. तुला आठवतं का?

परतताना डॅन्यूबच्या काठी जुन्या टाउन हॉलच्या मनोऱ्यापाशी पाय थबकले. भिंतीवर, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, आडव्या रेघा आणि प्रत्येक रेघेशी साल. सगळ्यांत वर १५०१. तिच्या खालोखाल २०१३. त्या जूनमध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, पाचशे वर्षांतलं सगळ्यांत मोठं. त्याच्या खाली १९५४. आपण २०१९ च्या महापुराचं ५७ फूट म्हणतो ते सांगलीच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवरचं. पट्टीचा शून्य प्रत्येक गावाचा वेगळा असतो, म्हणून आकड्याला आकडा लावून उपयोग नाही. पण भिंतीला पाठ लावून वर बघितलं आणि तुझ्या जिन्यात बसल्यासारखं वाटलं.

ऑगस्ट २०१९. अकराव्या पायरीवर आपण दोघं. मारुती चौक केव्हाच पाण्याखाली गेला होता. तू दर तासाला खडूनं पायरीवर खूण करत होतास आणि दर तासाला ती खूण बुडत होती. काकू वर माडीत देवापुढं बसून होत्या. तिसऱ्या दिवशी होडी आली तेव्हा त्या उतरायला तयार नव्हत्या, आपण दोघांनी हात धरून त्यांना उतरवलं. हे मी पासाऊच्या काठावर उभा राहून सगळंच्या सगळं पुन्हा बघितलं. शेजारनं एक बाई लहान मुलीला घेऊन चालल्या होत्या. मुलीनं वर बोट करून काहीतरी विचारलं आणि बाईंनी थांबून एकेक रेघ दाखवत तिला सांगितलं. भाषा मला कळत नव्हती, पण सांगत काय होत्या ते कळलं.

त्या रेघा दिसल्यापासून मी प्रत्येक गावात त्याच शोधत हिंडलो, हे तुला आधीच सांगून टाकतो. म्हणून माझं प्रवासवर्णन एकांगी आहे.

ड्रेस्डेनला एक दुपार मिळाली. १९४५ च्या फेब्रुवारीतल्या बॉम्बहल्ल्यात हे शहर जळून गेलं. फ्राउएनकिर्शे हे मोठं चर्च कितीतरी वर्षं दगडांच्या ढिगाऱ्यासारखं पडून होतं. ते पुन्हा बांधून २००५ मध्ये उघडलं. ढिगाऱ्यातले जुने काळे दगड नव्या पिवळसर दगडांत जागोजाग बसवलेत, लांबूनही ओळखू येतात. त्सविंगर राजवाड्यात राफाएलची 'सिस्टीन मॅडोना' बघितली, तिच्यापुढच्या बाकावर अर्धा तास बसलो. ऑगस्ट २००२ मध्ये एल्ब नदी ९.४० मीटरवर गेली आणि ह्याच इमारतीच्या तळघरांत पाणी शिरलं. तिथं ठेवलेली हजारो चित्रं माणसांनी हातोहात वर नेली. मी त्या चित्रापेक्षा त्या हातांचा विचार जास्त केला.

ड्रेस्डेनहून प्रागला रेल्वे एल्बच्या काठाकाठानं जाते. सव्वादोन-अडीच तास खिडकीतनं नदी हलत नाही. चेक हद्दीत तिलाच लाबे म्हणतात, आणि प्रागची व्लतावा तिला वरच्या अंगाला येऊन मिळते. २००२ चा पूर प्रागमध्ये १४ ऑगस्टला टिपेला होता आणि ड्रेस्डेनला १७ तारखेला. म्हणजे तेच पाणी, वाटेतल्या आणखी नद्या घेऊन तीन दिवसांनी खाली पोचलं. कोयनेतनं किती सोडलं, कराडला किती वाजता, आपल्याकडे किती वाजता, ह्या हिशोबात आपल्या किती रात्री गेल्या! तिथंही कुणीतरी फोन कानाला लावून तोच हिशोब करत बसलं असणार.

वाटेत द्येचीन नावाचं गाव लागतं. तिथं नदीच्या पात्रात एक दगड आहे, फक्त दुष्काळात उघडा पडतो. त्याच्यावर कोरलंय, "मला पाहशील तेव्हा रड." १६१६ हे सालही आहे त्याच्यावर. गाडीतनं तो दिसला नाही, पात्रात पाणी होतं. पण आपल्या एकाच जिल्ह्यात इकडे सूर्यवंशी प्लॉट बुडतो आणि तिकडे जत-आटपाडी टँकरची वाट बघते. त्या दगडाचं म्हणणं आपल्याइतकं कुणाला कळणार?

प्रागबद्दल सगळेच लिहितात, मी दोनच गोष्टी लिहितो. चार्ल्स पुलाचं बांधकाम १३५७ मध्ये सुरू झालं, १८९० च्या पुरात त्याच्या काही कमानी कोसळल्या, २००२ मध्ये मात्र तो तगला. पुलाजवळ काठाच्या भिंतीत दाढीवाल्या माणसाचं एक दगडी डोकं बसवलंय. जुन्या काळी लोक पाणी किती चढलं ते त्याच्या दाढीवरनं बघायचे. आपण घाटाच्या पायऱ्यांवरनं बघतो तसंच.

दुसरी गोष्ट पिंकास सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. आत एकही चित्र नाही. भिंतींवर फक्त नावं, हातानं लिहिलेली. नाझींनी मारलेले बोहेमिया-मोराव्हियातले जवळपास ७८ हजार ज्यू, गाववार, आडनाववार. ही नावं आधी पन्नासच्या दशकात लिहिली, मग भिंतींत ओल चढून खराब झाली, वास्तू कितीतरी वर्षं बंद राहिली. नव्वदच्या दशकात सगळी नावं पुन्हा लिहिली. २००२ मध्ये पुराचं पाणी आत आलं, खालच्या ओळी गेल्या, त्या परत लिहिल्या. आत कुणी बोलत नव्हतं. बाहेर आल्यावर मी कुठं फिरलोच नाही, नदीकाठी बसून राहिलो. माझ्याकडच्या शेवटच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिथंच खाल्ली.

मग फ्लॉरेन्स. प्रातोचं काम दुपारी आटोपायचं, तिथनं लोकल गाडीनं अर्ध्या तासाच्या आत फ्लॉरेन्सला पोचता येतं. कागदी तिकीट घेतलंस तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घे, कधी गेलास तर लक्षात ठेव.

तिथं व्हिया देइ नेरी नावाची गल्ली आहे, आपल्या गावभागातल्या बोळांइतकीच अरुंद. एका कोपऱ्यावर दोन पाट्या आहेत. खालच्या जुन्या दगडावर एक हात कोरलाय, त्याचं बोट पाण्याच्या रेघेवर टेकलंय. तारीख ४ नोव्हेंबर १३३३. त्याच्या वर दुसरी पाटी, तारीख ४ नोव्हेंबर १९६६. सहाशे तेहतीस वर्षांनी तोच दिवस, आणि पाणी आणखी वर. मी तिथं इतका वेळ उभा होतो की समोरच्या दुकानदारानं बाहेर येऊन मला काही हरवलंय का विचारलं. मी मोबाईलवर आयर्विन पुलाचा २०१९ चा फोटो काढून दाखवला. त्यानं फोटो बघितला, पाटीकडे बोट केलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सांता क्रोचे चर्चमध्ये चिमाबुएनं रंगवलेला तेराव्या शतकातला मोठा क्रूस आहे. १९६६ च्या पुरात त्याचा निम्म्याहून जास्त रंग वाहून गेला. दुरुस्त करणाऱ्यांनी गेलेल्या जागी नवं चित्र काढलं नाही. बारीक रेघांचा साधा रंग भरलाय, त्यामुळे गेलेलं गेलेलंच दिसतं आणि राहिलेलं डोळ्यांत भरतं. चर्चला लागूनच राष्ट्रीय ग्रंथालय. तिथली दहा लाखांहून जास्त पुस्तकं-कागदपत्रं चिखलात गेली होती. देशोदेशीची तरुण पोरं आली, रांगा करून एकेक पुस्तक हातोहात वर काढलं. त्यांना तिकडे 'चिखलातले देवदूत' म्हणतात. पानं सोडवणं, धुणं, वाळवणं पुढं कित्येक वर्षं चाललं. मला आपल्या नगर वाचनालयाची भिजलेली पुस्तकं आठवली, आणि तात्यांचं कपाट. आतली पुस्तकं फुगून कपाटाची दारं उघडेनात, कुऱ्हाडीनं फोडावी लागली. नंतर सगळा लगदा ट्रॉलीत भरून गेला. तू पाठ फिरवून उभा होतास.

शेवटच्या दिवशी विमान दुपारचं होतं. उफिझीचं चित्रसंग्रहालय बघायचं की नाही ह्याचा रात्री फार विचार केला, आणि नाही बघितलं. पहाटे ट्रामनं काशिने बागेपर्यंत गेलो आणि तिथनं नदीकाठानं चालत सुटलो. बाग साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि मला पार दुसऱ्या टोकाला जायचं होतं. तिथं, मुन्योने हा ओढा आर्नो नदीला मिळतो त्या संगमावर, आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. विलायत बघून परत निघाले असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्येच ते गेले. वय अवघं वीस. नगरपालिकेनं खास परवानगी दिली आणि ह्या संगमावर आपल्या रीतीनं दहन झालं. १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँटचा, त्यानंच पुढं कोल्हापूरचा नवा राजवाडा केला. आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, डोक्याला पागोटं. जवळून जाणाऱ्या मोठ्या पुलालासुद्धा लोक 'इंडियानो'च म्हणतात.

धुकं होतं. पळायला आलेली दोन-चार माणसं सोडली तर कुणी नव्हतं. मी चपला काढल्या, नमस्कार केला. खिशात एका डबीत कृष्णामाईचं पाणी होतं, आईनं निघताना प्रवासासाठी दिलेलं. ते तिथल्या पाण्यात सोडलं. वीस वर्षांचं पोर, घरापासून इतकं लांब, आणि त्या परक्या गावातल्या माणसांनी त्याच्यासाठी संगम शोधला. बापू, मला रडू आलं.

आता मागणं. आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी किल्ली घेऊन तुझ्या घरी गेलो, महिन्याची झाडलोट करायला. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर ओला हात फिरवला. २०१९ ची रेघ चुन्याखाली अजून आहे. तिच्या खाली हातभर २०२१ ची, आणि त्याखाली २००५ ची, तात्यांनी खिळ्यानं ओढलेली. मला ह्या तिन्ही रेघा दगडात कोरून रस्त्याकडच्या भिंतीत बसवायच्यात. मागं एकदा मी हा विषय काढला तेव्हा तू म्हणालास, ते नाव काढू नकोस. ते मी विसरलेलो नाही. तरी पुन्हा विचारतोय.

आणखी एक, जे मी तुला आजवर सांगितलं नाही. त्या ट्रॉलीतनं मी एक वही उचलून घेतली होती. तात्यांची, लाल बांधणीची. पंखा लावून, पानापानात टीपकागद घालून महिनाभर वाळवली. बरीच पानं गेलीत, पण राहिलेल्या पानांवर त्यांच्या अक्षरात दर पावसाळ्याची नोंद आहे, घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या, कोणत्या तिथीला पाणी उतरलं. शेवटच्या पानावर आपल्या दोघांची नावं आहेत, पुढं लिहिलंय, "आज पोरांना संगम दाखवला." तुला तेव्हाच द्यायला हवी होती. तू पाठ फिरवून उभा होतास, माझा धीर झाला नाही, आणि मग दिवस गेले.

मिरजेच्या पाथरवटाशी बोलून ठेवलंय, त्याला फक्त मापं हवीत. ती मी एकटा घेणार नाही. वही माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे. काकूंना आणि वहिनींना नमस्कार. पुण्याहून सकाळच्या गाडीनं निघालास तर जेवायला पोचशील, भडंगाची पिशवी आईनं बाजूला काढून ठेवली आहे.

तुझा,
नाना