चि. अंकुशला

चि. अंकुश, अनेक आशीर्वाद.

मामीचा फोन आला. काल वावरातून आल्यावर तुला ओकारी झाली, डोळ्यांपुढं अंधुक झालं आणि तू ऊन लागलं म्हणालास. माझा फोन तू उचलत नाहीस म्हणून रवीच्या हाती चिठ्ठी देतोय. पोळ्याआधीच्या भांडणाचं काही लिहिणार नाही.

ते ऊन नाही रे, फवारणीच्या औषधाचं विष आहे. 2017 ला मीही ऊनच म्हणालो होतो. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती, मारलेला फवारा सगळा तोंडावर यायचा. चार्जिंगचा पंप, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, वरून उकाडा. त्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात विसाच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्या विषावर उतारा म्हणून देतात त्या अट्रोपिनच्या इंजेक्शनांनी मी बरळायचो, म्हणून हात खाटेला बांधले होते. तू नऊ वर्षांचा. दारातून बघितलंस आणि आत आलाच नाहीस. आई म्हणते, तुला आठवत नाही. मला वाटतं, आठवतं.

तोंडाला रुमाल बांधतोस ना? तो ओला झाला की विष नाकाशीच धरून ठेवतो. आणि ते नुसतं नाकातून जात नाही, घामेजल्या कातडीतूनही जातं. पंप गळून पाठ भिजली तर तिथंच सदरा काढ, साबणानं अंग धू. डब्यावर लाल नाहीतर पिवळा त्रिकोण, म्हणजे जहाल विषाची खूण, असला तर मामाला सरळ नाही म्हण. वारा समोरून असला तर... बघ, सुरू झालं माझं भाषण. माफ कर.

फी मी माझी भरीन म्हणालास, तेव्हा मी ओरडलो. त्याच रात्री तुझ्या आईला दोनदा म्हणालो, पोरगा कर्ता झाला. ते तुझ्यासमोर बोलायला पाहिजे होतं. भिशी या महिन्यात आपल्याला लागली आहे. मजुरी बुडाली तर बुडू दे.

हे वाचलं की आरशात बघ. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी दिसली, तोंडाला लाळ सुटली, तर घरी यायचंही नाही. मामाला घेऊन थेट दवाखान्यात जा, रिकामा डबा सोबत ने, डॉक्टरांना औषध कळेल. डबा विसरू नको.

मीच आलो असतो, पण अंधार पडल्यावर मला गाडी चालवता येत नाही, तुला माहीत आहे. बरं वाटत असलं तरी रवीच्या मागं बसून आजच ये. आई जागी आहे.

तुझा बाबा