बुटाचा इतिहास आणि वुलस्टनचे कारागीर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील ‘डॉक्टर मार्टेन्स’ बुटांवरचा लेख आवडीने वाचला. जर्मन डॉक्टरची कल्पना आणि रॉक संगीतकारांमुळे बुटाला मिळालेली कीर्ती हे दोन्ही भाग त्यात चांगले आले आहेत. परंतु हा बूट जिथे घडला ते इंग्लंडमधील वुलस्टन गाव आणि तिथले कारागीर एका वाक्यात आटोपले, याची खंत वाटली, म्हणून हे पत्र.

वुलस्टन हे नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील गाव. या परगण्यातला पादत्राणांचा धंदा इतका जुना आहे की, १६४२ मध्ये आयर्लंडला निघालेल्या सैन्यासाठी ४,००० जोड शूज आणि ६०० जोड बूट पुरवण्याचे काम नॉर्थॅम्प्टनच्या कारागिरांकडे आले होते. वुलस्टनमध्ये १८८१ साली पाच जणांनी एकत्र येऊन ‘नॉर्थॅम्प्टनशायर प्रॉडक्टिव्ह सोसायटी’ ही उत्पादक सहकारी संस्था काढली. त्यानंतर वीस वर्षांनी, १९०१ मध्ये, बेंजामिन ग्रिग्ज आणि सेप्टिमस जोन्स यांनी त्याच गावात कष्टकऱ्यांसाठी दणकट बूट बनवायला सुरुवात केली.

१९४५ मध्ये स्कीइंग करताना घोटा दुखावलेल्या डॉ. क्लाउस मार्टेन्स यांनी हवेचा थर असलेला मऊ सोल शोधला आणि हर्बर्ट फुंक या मित्राबरोबर जर्मनीत त्याचे उत्पादन सुरू केले, हे लेखात आहेच. मात्र तिथे या बुटांची गिऱ्हाइके होती ती मुख्यतः प्रौढ गृहिणी. त्याला कामगाराचा बूट केले ते ग्रिग्ज कुटुंबाने. ब्रिटनमधील उत्पादनाचे हक्क घेऊन त्यांनी टाचेची ठेवण बदलली, वरच्या चामड्याला गोलाई दिली, कडेने पिवळी शिलाई घातली, आणि १ एप्रिल १९६० रोजी आठ छिद्रांचा पहिला जोड बाहेर पडला. ‘१४६०’ हा त्याचा क्रमांक म्हणजे तीच तारीख. पोस्टमन, पोलीस आणि कारखान्यांतले कामगार हे त्याचे पहिले गिऱ्हाईक. तेल, चरबी, आम्ल, पेट्रोल आणि अल्कली यांपुढे हा सोल टिकतो, अशी त्या सोलवरच उठवलेली अक्षरे बूट कोणासाठी होता हे पुरेसे सांगतात.

त्याच्या बांधणीबद्दलही थोडे लिहायला हवे होते. फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ताणून बसवलेले चामडे आणि आतला तळ यांना एक कडपट्टी शिवली जाते. ती पिवळी शिलाई याच पट्टीची. मग तापलेल्या पात्याने पट्टी आणि सोल यांच्या कडा वितळवून ते एकमेकांना कायमचे जोडतात. यंत्रे मदतीला असली, तरी चामड्याचा कोणता भाग पुढे घ्यायचा आणि कोणता टाकायचा, तसेच फर्म्यावर ते किती ताणायचे, हा निर्णय कारागिराच्या हाताचा असतो. असा हात तयार व्हायला वर्षे लागतात.

गावातील त्या सहकारी संस्थेनेही १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, तब्बल तीन दशकांहून अधिक काळ, परवान्याखाली हे बूट बनवले. आज ती खासगी कंपनी असून ‘सोलोव्हेअर’ या नावाने वुलस्टनमध्येच बूट तयार करते. सहकारी साखर कारखाने आणि सूतगिरण्या उभारलेल्या महाराष्ट्रातील वाचकांना हा भाग नक्कीच जवळचा वाटला असता.

लेखात २००३ सालाचा उल्लेख ‘पुनर्रचना’ असा आहे. प्रत्यक्षात त्या वर्षी डॉक्टर मार्टेन्सचे जवळपास सारे उत्पादन चीन आणि थायलंडला गेले आणि ब्रिटनमधील हजारावर लोकांचे काम सुटले. कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती, हे खरे आहे, आणि तो निर्णय नफ्याच्या हव्यासातूनच झाला असे मी म्हणणार नाही. तरीही ज्यांच्या हातांनी नाव मिळवून दिले त्यांच्या वाट्याला काय आले, हे लिहिल्यावाचून हा इतिहास अपुरा राहतो. २००७ मध्ये गावातील कॉब्ज लेन कारखान्यात पुन्हा काम सुरू झाले, पण अगदी लहान प्रमाणात. पुढे २०१३ मध्ये ३० कोटी पौंडांना झालेली कंपनीची विक्री आणि २०२१ मधील लंडन शेअर बाजारातील नोंदणी यांना मात्र लेखात दोन परिच्छेद मिळाले आहेत.

वुलस्टनच्या सहकारी संस्थेवर आणि तिथल्या कारागिरांवर एक स्वतंत्र लेख आपण पुरवणीत द्यावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा