वजनकाट्यावर बसण्याआधी

प्रिय सई,

शनिवारच्या पाइनवुड डर्बीत, म्हणजे मुलांनी बनवलेल्या छोट्या लाकडी गाड्यांच्या उतारावरच्या शर्यतीत, तुला वजनकाट्याच्या टेबलावर बसवणार, हे ऐकून फार बरं वाटलं. पण त्यापाठोपाठ तू जे विचारलंस, “गाडी जड निघाली आणि ते लहान पोरगं रडायला लागलं तर काय करू?”, त्याचं उत्तर फोनवर घाईघाईत देण्यासारखं नव्हतं. आजी जेवून झोपली आहे, पुण्यात निवांत दुपार आहे, तेव्हा सविस्तर लिहिते. कुठे अडलीस तर बाबांकडून वाचून घे.

सगळ्यात आधी तुमच्या पॅकने, म्हणजे कब स्काउट्स या लहान मुलांच्या स्काउट संघटनेतल्या तुमच्या गटाने, घरोघर पाठवलेला नियमांचा कागद छापून टेबलावर चिकटव. वजन पाच औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. लांबी सात इंच, रुंदी पावणेतीन इंच. चाकं आणि खिळे किटमधलेच. वंगण म्हणून ग्रॅफाइटची कोरडी पूड, तेल चालणार नाही. बेअरिंग, वॉशर, स्प्रिंग काही नाही. बारीकसारीक बाबतीत प्रत्येक पॅकचं वेगळं असतं, म्हणून तुमचाच कागद हवा. कुणाचे बाबा हुज्जत घालायला आले की तू वाद घालायचा नाहीस, फक्त त्या कागदावर बोट ठेवायचं. नियम तू केलेला नाहीस, त्यामुळे तो सांगताना तुला ओशाळायचं कारण नाही आणि आवाज चढवायचंही नाही.

पण नियम का आहे हे तुला ठाऊक हवं, कारण मुलं विचारतात. “पाचच का?” असं एखादी पहिलीतली मुलगी विचारेल, तेव्हा “असंच आहे” म्हणू नकोस. या गाडीला इंजिन नाही. ती वर असते तेव्हा तिच्याकडे असते ती फक्त उंची आणि वजन. खाली येताना त्यातलं थोडं हवा खाते, थोडं चाकं फिरवण्यात जातं. गाडी जड असेल तर या दोन्हींचा वाटा तिच्या मानाने कमी पडतो, म्हणून जड गाडी पुढे निघते. मर्यादा नसती तर ज्याच्या घरी शिसं जास्त त्याची गाडी पहिली आली असती. पाच औंसांवर सगळ्यांना थांबवलं की उरतं ते हाताचं काम: वजन कुठे बसवलं, खिळे किती गुळगुळीत केले, चाकं सरळ लागली का. वजन मागच्या बाजूला बसवलं तर उतारावर ते जास्त उंचीवरून सुटतं आणि गाडीला फायदा होतो. ते चालतं, कारण ते मुलाला सुचू शकतं आणि मुलाच्या हाताने होऊ शकतं. चाक आतून लेथवर कातून हलकं करणं चालत नाही, कारण ते फक्त मोठ्यांच्या यंत्राने किंवा मोठ्यांच्या पैशाने होतं. आपल्या पॅकच्या कागदावरचा जवळजवळ प्रत्येक नियम मला असा वाटतो की तो स्पर्धा मुलाच्या हाताच्या आवाक्यात ठेवायला लिहिलाय.

आणि ही शर्यत सुरूच त्यासाठी झाली. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचमध्ये डॉन मर्फी नावाचे एक कबमास्टर, म्हणजे पॅकचे प्रमुख, होते, विमानं बनवणाऱ्या नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीत नोकरीला. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाला सोप बॉक्स डर्बीत, म्हणजे मुलं स्वतः आत बसून उतारावरून गाडी सोडतात त्या शर्यतीत, उतरायचं होतं. पण तिथे बारा वर्षांची अट होती. मर्फींनी अट वाकवायला कुणाकडे शब्द टाकला नाही. त्यांनी लहान मुलांसाठी वेगळी शर्यत काढली: पाइनच्या लाकडाचा ठोकळा, चार चाकं, चार खिळे. १५ मे १९५३ ला पहिली पाइनवुड डर्बी झाली. बापलेकांनी एकत्र बसून काहीतरी घडवावं आणि हरणं-जिंकणं नीट शिकावं, एवढाच त्यांचा हेतू होता. तेव्हा फक्त मुलगे होते. २०१८ मध्ये कब स्काउट्सचं दार मुलींना उघडलं आणि तू आत गेलीस.

आता रडण्याचं. मुलं रडतात ती बहुतेक वेळा गाडी जड निघाली म्हणून नाही, तर आता आपल्याला शर्यतीत घेणार नाहीत या भीतीने. ती भीती तुला पहिल्या वाक्यातच काढून टाकता येते. “थोडी जड आहे, आपण आत्ता दुरुस्त करू, तू पळणार आहेस,” असं आधी म्हण आणि मग आकडा सांग. शेजारी दुरुस्तीचं टेबल हवंच: ड्रिल, पक्कड, सँडपेपर, गोंद, हलक्या गाडीत वजन भरायला टंगस्टनची थोडी पुट्टी. जड गाडीला खालून एखादं भोक पाडलं की काम होतं. वरची रंगवलेली बाजू तशीच राहते. ड्रिल मोठ्या माणसाने धरायचं, पण भोक कुठे पाडायचं ते मुलाने पेन्सिलने खूण करून दाखवायचं. मग गाडी परत काट्यावर ठेवायची तीही त्यानेच. ४.९९ आला की त्या पोराचा चेहरा कसा फुलतो ते तू पाहशील.

आपल्याकडे खेळात सगळ्यात धाकट्याला कच्चा लिंबू करतात. तो बाद झाला तरी खेळतो, त्याला राज्य येत नाही, कुणी तक्रार करत नाही. तुला मोह होईल की सहा वर्षांच्या एखाद्याला तसं सोडून द्यावं, दशांश एक औंस जास्त तर जास्त. नको करूस. कच्च्या लिंबाचा डाव मोजला जात नाही, हे सगळ्या खेळणाऱ्यांना माहीत असतं. इथे त्या पोराचा डाव मोजला जाणार आहे. तो जिंकला आणि मागाहून कुणी म्हणालं की त्याची गाडी जड होती, तर त्याने काय करायचं? धाकट्याला सवलत द्यायची ती दुरुस्तीच्या टेबलावर द्यावी: जास्त वेळ, जास्त मदत, हवं तर रांगेत पुढचा नंबर. काट्यावर नाही.

काट्याबद्दल एक. घरचे काटे एकमेकांशी जुळत नाहीत. “आमच्या घरी बरोब्बर पाच होतं,” हे वाक्य तुला सकाळभर ऐकायला मिळेल आणि म्हणणारी मुलं खरंच बोलत असतील. त्यांना खोटं पाडू नकोस. “हाच काटा सगळ्यांना आहे” एवढं सांग. दार उघडायच्या आधी ओळखीचं वजन ठेवून तो तपास, मधूनमधून शून्य बघ, आणि दशांशाच्या पुढचा आकडा धरायचा की नाही ते आयोजकांना पहिली गाडी येण्याआधीच ठरवायला लाव. पन्नासाव्या गाडीला ठरवलं तर तो नियम राहत नाही, मेहेरबानी होते.

मोठ्यांचं मात्र अवघड आहे. १९७३ साली ओहायोतल्या ॲक्रनमध्ये, त्या सोप बॉक्स डर्बीच्या अंतिम शर्यतीत, कोलोरॅडोतल्या बोल्डरचा चौदा वर्षांचा एक मुलगा पहिला आला. (त्याचं नाव सगळीकडे छापून आलं आहे. मी लिहीत नाही, कारण ते काम त्याचं नव्हतं.) सुटताक्षणी त्याची गाडी इतरांच्या पुढे झटका मारल्यासारखी निघत होती. शिवाय प्रत्येक फेरीत त्याची वेळ वाढत होती, एरवी ती कमी होत जाते. पंचांनी गाडीचा एक्स-रे काढला. नाकात विद्युतचुंबक निघाला. मुलगा डोकं मागे टेकवायचा, त्याने बटण दाबलं जायचं, चुंबक चालू व्हायचा. सुरुवातीला गाड्या अडवून धरणारी लोखंडी फळी पुढे पडताना गाडीला आपल्यामागे ओढून घ्यायची. बॅटरी उतरत गेली तसा झटका कमी झाला. वेळ वाढण्याचं कारण तेच. दोन दिवसांनी त्याचं विजेतेपद गेलं आणि दुसऱ्या आलेल्या मुलाला मिळालं.

हे सगळं घडवलं होतं त्याच्या मामा-काकांपैकी एकाने, रॉबर्ट लँग यांनी. प्लास्टिकचे स्की बूट बनवणारे नावाजलेले उद्योजक. आदल्या वर्षी त्यांचा मुलगा ती शर्यत जिंकला होता. त्यांचं म्हणणं असं की नियम इतरही मोडत होते, मोठी माणसंच गाड्या बनवत होती, मग त्या मुलालाही समान संधी मिळावी म्हणून हे केलं. अल्पवयीन मुलाला वाममार्गाला लावल्याचा आरोप त्यांच्यावर आला आणि मुलांच्या एका क्लबला दोन हजार डॉलर देऊन तो मिटला.

सई, मला त्या चुंबकापेक्षा ते “सगळेच करतात” जास्त खुपतं. ते वाक्य मी तुमच्याकडेही ऐकते, इथे पुण्यातही ऐकते, शाळेच्या प्रकल्पांच्या वेळी तर फारच. बाकीच्यांनी नियम मोडला असेल तर त्यावर तक्रार करता येते, नियम बदलून मागता येतो, आपल्या मुलाला खरं सांगून हरू देता येतं. हे तीनही रस्ते त्या माणसाला मोकळे होते. त्याने चौथा निवडला आणि त्यावर एका चौदा वर्षांच्या पोराला बसवून सोडलं.

तुझ्या टेबलावर चुंबक येणार नाही. येईल ती दुकानातल्यासारखी चकचकीत गाडी, आणि तिच्यामागे एक मूल जे तिला हात लावायला घाबरतंय. वजन बरोबर, लांबी बरोबर. काटा तिला अडवू शकत नाही आणि तूही अडवू नकोस. फक्त त्या मुलाला विचार, “यातलं तू काय केलंस?” उलटतपासणी म्हणून नाही, सगळ्यांना विचारते तशीच विचार. कुणी सांगेल, रंग मी निवडला. मग त्या रंगाबद्दल बोल. त्या मुलाकडून काहीतरी काढून घेतलं गेलंय, आणि ते काढून घेणारा शेजारीच उभा असतो.

तू तिसरीत असताना खिळे घासायला बसली होतीस ते मला लख्ख आठवतं. खिळ्याच्या डोक्याखाली साच्याची बारीक कड राहते, नखाला लागते. तू ती ओल्या सँडपेपरने घासायचीस, नख फिरवून बघायचीस, परत घासायचीस. बोटांची टोकं करडी झाली होती. बाबांनी “दे, मी करतो” म्हटलं तर तू पाठ फिरवून बसलीस. जांभळी गाडी, एका बाजूला रंगाचा ओघळ. ती जिंकली नाही, आणि आजही तुझ्या कपाटात आहे.

चाकांबद्दल शंका आली, म्हणजे चाक हातात हलकं वाटलं किंवा आतली बाजू कातल्यासारखी दिसली, तर तोंडातून “चीटिंग” हा शब्द काढू नकोस. मुलासमोर तर नाहीच. “हे एकदा मोठ्यांना दाखवून आणते,” म्हण आणि शर्यत घेणाऱ्या काकांकडे जा, निर्णय त्यांचा. बरेचदा पालकांनी ऑनलाइन “वेगवान चाकं” मागवलेली असतात आणि कागद वाचलेलाच नसतो. किटची साधी चाकं शिल्लक ठेवायला सांग, म्हणजे तिथल्या तिथे बदलता येतील.

नियम आयोजकांनाही लागू आहेत, हे त्यांना विचारायला लाजू नकोस. ट्रॅकच्या सगळ्या लेन सारख्या नसतात, एखाद्या लेनला जोडाचा खाच असतो. प्रत्येक गाडी प्रत्येक लेनवरून पळणार आहे ना? एकदा जमा केलेल्या गाडीला परत ग्रॅफाइट लावायला मिळणार नाही, हे कबमास्टरांच्या मुलालाही लागू आहे ना? गाडी ट्रॅकवरून उडाली तर फेरी परत घ्यायची का, हे ठरलंय ना? आणि मोठ्यांसाठी वेगळी खुली शर्यत ठेवा असं तुझ्याकडून सुचव. कितीतरी पॅक ठेवतात. ज्या बाबांना लेथ चालवायची हौस आहे त्यांनी ती तिथे खुशाल चालवावी. मला ही सोय फार आवडते.

शेवटचं, तुझ्या भावाचं, ईशानचं. त्याची गाडी तू तपासायची नाहीस. त्याचा नंबर आला की खुर्चीवरून उठ, दुसऱ्या कुणाला बसव आणि चार पावलं लांब उभी राहा. त्याने घरी तुला कितीही विनवलं तरी आदल्या रात्री पॅकचा काटा त्याला वापरू द्यायचा नाही. आपला स्वयंपाकघरातला आहे, तोच सगळ्यांच्या घरी आहे तसा त्याला पुरे. तो चिडेल, माझ्याकडे फोनवर तक्रार करेल. करू दे, त्याला मी समजावते. ड्रिलची बॅटरी शुक्रवारी रात्रीच चार्जिंगला लाव आणि बारीक बिटांची डबी गॅरेजमधल्या वरच्या फळीवर आहे, ती बरोबर ने.

तुझी,
आई