वर्कफ्लोचं टूल फाइल समजणाऱ्याला वापरता येऊ द्या: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

मी प्रोग्रामर नाही. अर्ज आवकला आला की कुठल्या टेबलावर जातो, त्रुटी कुठे निघते, कुणाची सही राहिली की फाइल पडून राहते हे मला तोंडपाठ आहे, म्हणून ऑनलाइन करायची प्रक्रिया आखायचं काम माझ्याकडे आलं आणि सोबत वर्कफ्लो मॉडेलिंगचं, म्हणजे कामाचे टप्पे चित्रात काढून ते चालवायचं, एक टूल मिळालं. उघडलं तर डाव्या बाजूला नुसती चिन्हंच चिन्हं, एकेरी गोल, दुहेरी गोल, फुलीवाला डायमंड, अधिकवाला डायमंड, आणि कशाचा अर्थ काय ते कुठेच साध्या भाषेत लिहिलेलं नाही.

माझी प्रक्रिया अगदी साधी होती. अर्जदाराकडे जुना दाखला असेल तर थेट छाननी, नसेल तर आधी चौकशी, आणि मग दोन्ही वाटा साहेबांच्या मंजुरीपाशी एकत्र. वाट फुटते तिथे मी फुलीवाला डायमंड ठेवला आणि वाटा मिळतात तिथे अधिकवाला, कारण अधिक म्हणजे जोडणं असंच कुणालाही वाटेल ना. टूलने चकार शब्द काढला नाही. पण तिथल्या अधिकचा अर्थ दोन्ही वाटांनी काम आल्याशिवाय पुढे सोडायचं नाही असा असतो, आणि अर्ज तर एकाच वाटेने येणार, त्यामुळे टाकलेला प्रत्येक अर्ज तिथेच अडकून बसला आणि आम्ही सगळे लॉगिनमध्ये काही बिघडलंय का ते शोधत राहिलो.

ही चिन्हं बीपीएमएन नावाच्या, कामाची प्रक्रिया चित्रात काढायच्या पद्धतीतली आहेत, आणि त्या पद्धतीवर माझा राग नाही. २०११ मध्ये तिची २.० आवृत्ती आली, २०१३ मध्ये ती आयएसओचं स्टँडर्ड झाली, आणि काढलेलं चित्र मशीनला जसंच्या तसं चालवता यावं म्हणून एवढा काटेकोरपणा लागतोच. पण चिन्हं शंभराच्या वर आहेत, आणि २००८ च्या एका अभ्यासात प्रत्यक्ष वापरातली १२० चित्रं तपासली तर एका चित्रात सरासरी नऊएक प्रकारची चिन्हंच निघाली. मग तेवढीच आधी दाखवा ना, बाकीची लागतील तेव्हा मागून घेऊ आम्ही.

आणि चूक झाली तर ती आमच्या भाषेत सांगा. ‘इथे अर्ज दोनपैकी एकाच वाटेने येणार आहे, तुम्ही तो दोन्हीकडून यायची वाट बघताय’ एवढं वाक्य पुरलं असतं मला. एखादा जुना अर्ज घालून तो चित्रातून टप्प्याटप्प्याने पुढे सरकताना बघता यायला हवा, तेही सिस्टीम सुरू व्हायच्या आधी. वय, उत्पन्न, कागदपत्रं अशा अटी चित्रात कोंबल्या की त्याचं जाळं होतं, त्या साध्या तक्त्यात भरू द्या, अशा तक्त्यांसाठी डीएमएन नावाचं स्टँडर्ड २०१५ पासून आहेच.

साहेब, तुमच्याकडे मागणं एकच आहे. टूल खरेदीच्या टेंडरमध्ये अट घाला की निवड करायच्या आधी टेबलावर काम करणारी चार-पाच माणसं बसवायची, त्यांनी स्वतःच्या कामाची प्रक्रिया त्या टूलमध्ये काढायची, चालवून बघायची, आणि शेजारी कंपनीचा माणूस सांगायला नसेल. डेमो तर कंपनीचाच माणूस देतो, त्याला सगळं सोपंच जातं. ज्यांना जमलं नाही ते कुठे अडकले याची नोंद निवड समितीपुढे ठेवा आणि त्याला मार्क द्या.

अशी चाचणी ठेवलीत तर मी माझी तीच दाखल्याची प्रक्रिया घेऊन यायला तयार आहे.

आपला,
प्रक्रिया आखणारा एक कर्मचारी