जुना संगणक, कॅसेटी आणि बाबांची वही

पणजी, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

चवथीला घरी येऊनही गणपतीवरची माटोळी बांधायची सोडून मी जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालत आणि बाबांच्या भजनाच्या कॅसेटी त्यात उतरवत बसले, हे आईने तोंडावर सांगितले आणि बाबांनी निघताना हळूच विचारले, "हे फुकटाचे चालते कोणाच्या जिवावर?" तेव्हा दोघांनाही नीट उत्तर देता आले नाही.

बाबा, आपला संगणक बिघडलेला नव्हता. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ त्या जुन्या यंत्राला चालत नाही. एवढ्यासाठी धडधाकट यंत्र भंगारात घालणे मला पटेना, म्हणून त्यावर लिनक्सचाच एक प्रकार, लिनक्स मिंट, घातला. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतील २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला, आणि लोकांना कळवताना हा नुसता छंद आहे असेच त्याने म्हटले होते. आज त्यावर हौशी माणसे काम करतात तशी मोठ्या कंपन्यांची पगारी माणसेही करतात, कारण त्या कंपन्यांचे स्वतःचे कामकाजच त्यावर उभे आहे. हा गाभा कोणीही वाचावा, बदलावा. मात्र बदललेला दुसऱ्याला दिला, तर त्याचा मूळ मजकूरही तसाच खुला द्यावा लागतो.

हे समजावताना गाण्यातल्या घराण्याचा दाखला माझ्या ओठांवर आला होता, पण तो नेमका उलटा आहे. आपल्या फोंड्याजवळच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांनी आपली विद्या किती जपून ठेवली, हे तुम्हीच मला सांगितले आहे. (त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हा भाग वेगळा.) खरा दाखला तुमच्या भजनाच्या वहीचा. सप्ताहाला आलेल्या कोणीही ती मागून न्यावी, उतरवून घ्यावी आणि एखादे राहिलेले कडवे समासात लिहून परत करावी. त्या वहीत चार हस्ताक्षरे तर मीच मोजली आहेत.

आता कॅसेटींविषयी. कॅसेट घाईने उतरवता येत नाही, ९० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटेच घेते; आई, मी रात्री जागते ती यासाठी. टेपच्या हेडफोनच्या खोबणीतून वायर संगणकाला जोडते आणि ऑडॅसिटी या आवाज मुद्रित करण्याच्या प्रोग्रॅमवर मुद्रण करते. पहिल्या खेपेस मी आवाजाची पातळी फार वर ठेवली, त्यामुळे पखवाजाच्या प्रत्येक थापेला आवाज फाटला. तो नंतर दुरुस्त होत नाही, म्हणून ती सगळी बाजू पुन्हा उतरवावी लागली. तासाभराचे मुद्रण सुमारे ६३५ एमबी होते. फ्लॅक स्वरूपात ते साधारण निम्म्यावर येते आणि त्यातले काहीही गळत नाही. टेपची सरसर काढण्याची सोय आहे, परंतु ती जास्त वापरली की पेटीच्या सुरातला श्वासच निघून जातो. सरसर राहिलेली मला चालते.

तीन कॅसेटींवर पावसाळ्यात पांढरी बुरशी धरली आहे. त्या कृपा करून टेपमध्ये घालू नका, कारण बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटीवर जाते. वेगळ्या डब्यात ठेवा; दिवाळीला आले की मी त्या स्वच्छ करीन.

आणि आई, एका कॅसेटीत बाबा अभंगाचे शेवटचे चरण घोळवत असताना तू आतून ओरडतेस, "अहो, दूध उतू गेलं!" बाबा न थांबता गातच राहतात. ते मी काढलेले नाही.

तुमची,
बाय