सीट मोजा, पण सकाळी सहा वाजता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयांबद्दल पुणे महापालिकेला काहीही विचारा, उत्तर सीटच्या संख्येत येते. अमुक प्रभागात इतके ब्लॉक, इतक्या सीट. हा आकडा खोटा नसतो, तो बांधकामाचा असतो. त्यांपैकी किती सीटना सकाळी सहा वाजता दार आहे, दाराला आतून कडी लागते, टाकीत पाणी आहे आणि दिवा पेटतो, हा आकडा मात्र कुठल्याच कागदावर सापडत नाही. यापुढे मोजायचा तो हा दुसरा आकडा, आणि देखभालीच्या ठेकेदाराचे बिल निघायचे तेही त्यावरच, एवढी आमची मागणी आहे.

स्वच्छ भारत अभियानाच्या निकषात सामुदायिक शौचालयासाठी ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक सीट धरली आहे. घड्याळ लावून पाहिले तर हा निकष बरोबर बसतो. कष्टकरी वस्तीत साडेपाच ते साडेआठ हे तीनच तास खरे. धुण्याभांड्याला जाणारी बाई सातला घराबाहेर पडते, बिगारी माणूस त्याच्याही आधी. पुरुषाला पाच मिनिटे धरली तर १८० मिनिटांत ३६ जण उरकतात; बाईला सात मिनिटे धरली तर पंचवीस जणी. आता बारा सीटचा ब्लॉक घ्या, सहा इकडे, सहा तिकडे. बायकांच्या बाजूला एक सीट तुंबलेली, एकीचे दार बिजागरीतून निखळलेले आणि एकीत झाडू-बादल्या कोंबून कुलूप घातलेले. उरल्या तीन. दीडशे जणींची सोय पंचाहत्तर जणींवर आली. बाकीच्या रांगेत तरी उभ्या राहतात, नाहीतर पाणी कमी पिऊन दिवस काढतात, आणि मग लघवीच्या जळजळीसाठी दवाखान्याची पायरी चढतात. महापालिकेच्या यादीत सीट बाराच.

पाण्याचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. वरच्या निकषाने बारा सीटचा ब्लॉक ३६० माणसांचा. माणशी सहा लिटर धरले, यात पोराबाळांचे धुणे नाही की फरशी धुणे नाही, तरी सकाळच्या तीन तासांत २,१६० लिटर लागतात. गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल तर ती सात वाजायच्या आत कोरडी पडते. तळटाकीतून पाणी वर चढवायला मोटर हवी, मोटरला वीज हवी, विजेचा मीटर कोणाच्या नावावर आणि बिल कोणी भरायचे यावर वाद. टेकडीवर चढत गेलेल्या वस्त्यांत, जनता वसाहतीसारख्या ठिकाणी, वरच्या अंगाला दाबही अपुरा. मोटर जळते ती बहुतेक वेळा तळटाकी रिकामी असताना सुकी चालून. पाणी संपले की मोटर आपोआप बंद करणारा, काही शे रुपयांचा फ्लोट स्विच बसवला असता तर ती वाचली असती. पण तो मूळ अंदाजपत्रकात नसतो आणि नंतर कोणाच्याच कामात बसत नाही.

‘लोकच घाण करतात, आम्ही काय करणार’ हे वाक्य ज्यांनी ऐकले नाही असा वस्तीत काम करणारा माणूस नसेल. त्याचे उत्तर टमरेलात आहे. टाकी कोरडी असली की माणूस घरून डबा आणतो, त्यात लिटर-दीड लिटर पाणी. तेवढ्यात तो स्वतः स्वच्छ होतो, पण भांड्याखालच्या ट्रॅपमधला, म्हणजे वाकड्या पाइपातला, मैला पुढे ढकलायला एकदम ओतलेले निदान दोन-तीन लिटर पाणी लागते. दहा माणसे डब्यावर गेली की ट्रॅप भरतो, अकरावा माणूस ते पाहून शेजारच्या सीटकडे वळतो आणि दुपारपर्यंत दोन सीट बंद. गुटख्याच्या पुड्या, पॅड, लहान मुलांचे डायपर आत टाकले जातात हेही खरे. बायकांच्या बाजूला झाकणाचा डबाच ठेवला नसेल तर पॅड कुठे जाईल? ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या भगिनींनी कागदात गुंडाळून लाल ठिपका लावून पॅड वेगळा द्या, असे पुण्याला घरोघरी शिकवले. हीच सवय ब्लॉकमध्ये रुजवायला एक डबा आणि तो रोज उचलणारा माणूस, एवढेच लागते.

तुंबले की पुढचा घोळ सुरू होतो. सफाईवाला बांबू किंवा सळई घालतो, त्याने ट्रॅप तडकतो. मग मैला पाइपात न जाता फरशीखाली मुरू लागतो आणि भांडे दिसायला साफ असूनही वास जात नाही. वासावर उपाय म्हणून ॲसिड ओततात. ॲसिडने टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंट खाल्ले जाते, टाइल सुटते, पाणी आणखी मुरते. तपासणीच्या आदल्या दिवशी चमकणारा ब्लॉक सहा महिन्यांत खिळखिळा होतो तो असा. रोज साध्या साबणाच्या पाण्याने आणि खरखरीत ब्रशने घासणे स्वस्तही पडते आणि टिकतेही, पण त्याला माणूस जास्त वेळ लागतो, आणि ठेकेदार कपात करतो ती नेमकी माणसात.

आणि दार. आत जाऊन कडी लावून पाहा. प्लायवुडच्या पोकळ दाराला (फ्लश डोअर) अर्ध्या इंची स्क्रूने ॲल्युमिनियमची कडी बसवलेली असते. महिनाभरात स्क्रू भुसा घेऊन बाहेर येतात. दाराचा खालचा वीतभर भाग रोज पाणी लागून फुगतो आणि फरशीला घासतो, मग लाथ मारून उघडावे लागते. लाथेने बिजागरी जाते. फायबरचे दार, स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्या आणि दारातून आरपार नट-बोल्ट घातलेली कडी, एवढे केले तर ते वर्षानुवर्षे चालते. कडी नसलेल्या शौचालयात मुलीला एकटीला पाठवत नाहीत. आई बाहेर उभी राहते, म्हणजे एका सीटमागे रांगेत दोघी.

हे सगळे पुण्याला नवे नाही. १९९९ मध्ये, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, महापालिकेने वस्त्यांतली शौचालये बांधायला आणि सांभाळायला स्वयंसेवी संस्थांना बोलावले. त्या वेळी ५० माणसांमागे एक सीट असा हिशेब होता. महिला मिळन या वस्तीतल्या बायकांच्या बचत गटांच्या जाळ्यातल्या बायका आराखड्याला बसल्या तेव्हा त्यांनी सांगितलेल्या गोष्टी अभियंत्याच्या पुस्तकात नव्हत्या: दोन्ही बाजूंना उघडणारे दार, म्हणजे हातात बादली असली तरी आत जाता येते, लहान मुलांसाठी वेगळी, छोट्या भांड्याची आणि धरायला दांडी असलेली जागा, मोठी पाण्याची टाकी, आणि ब्लॉकलाच जोडून देखभाल करणाऱ्या कुटुंबाची खोली. कुटुंबामागे महिना वीस रुपयांचा पास. पासाची पद्धत पुढे पुष्कळ ठिकाणी मोडली, ती पुन्हा आणा असे आमचे म्हणणे नाही. चांगल्या भागात राहणाऱ्यांना संडासाचे मासिक भाडे कोणी मागत नाही. पण तिथेच राहणारा माणूस ब्लॉक सांभाळतो तेव्हा मोटर सुकी चालत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तक्रार कशी करावी हे थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी गोची इथे आहे. झाडलोट आरोग्य कोठीकडे, म्हणजे मुकादम आणि आरोग्य निरीक्षक. दार, टाइल, छप्पर क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याकडे. चेंबर आणि लाइन ड्रेनेजकडे, दिवा विद्युत विभागाकडे, नळ पाणीपुरवठ्याकडे. ‘शौचालय अस्वच्छ आहे, कृपया लक्ष घालावे’ असे लिहिले की पाइप लावून फरशी धुतात, फोटो काढतात आणि तक्रार निकाली. म्हणून एका तक्रारीत एकच बिघाड लिहावा आणि जागा नेमकी सांगावी: ‘महिला बाजू, डावीकडून तिसरी सीट, दार वरच्या बिजागरीतून निखळले आहे.’ दिव्याची तक्रार वेगळी, चेंबरची वेगळी. महापालिकेच्या ‘पीएमसी केअर’ ॲपवर टाकलीत तर टोकन क्रमांक वहीत उतरवून ठेवा. कामाशिवाय बंद केली तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन लेखी अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक खिडकीवर द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्यावा. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

ठेक्याची कागदपत्रे माहितीच्या अधिकारात मिळतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. ‘साफसफाई का होत नाही?’ असा प्रश्न विचारला की ‘सदर बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर येते, आणि ते नियमाला धरून असते. कागद मागावा: त्या ब्लॉकपुरत्या निविदेच्या अटी-शर्ती, दिवसातून किती वेळा धुवायचे व किती माणसे लावायची ते पान, मागच्या तीन महिन्यांची हजेरी, मंजूर बिलांच्या प्रती आणि आकारलेल्या दंडाचा तपशील. तीस दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील. कलम २(ञ) खाली कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्कही आहे, तो फार थोडे लोक वापरतात. दंडाच्या रकान्यात शून्य आणि तुमच्या वहीत बंद सीटच्या चाळीस नोंदी, हे दोन कागद शेजारी ठेवले की बोलणी वेगळ्या सुरात सुरू होतात.

पुण्यात २००६ पासून नागरिक सहभागाचे अंदाजपत्रक आहे, म्हणजे आपल्या प्रभागातली कामे नागरिकांनीच सुचवायची, एका कामाला ५ लाखांपर्यंत. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात. त्यात सोसायट्यांकडून बाक आणि पदपथ येतात, वस्त्यांकडून फारच थोडे. ‘शौचालय दुरुस्ती’ एवढेच लिहिलेत तर रंग आणि टाइल मिळतील. वस्तू लिहा: पाच हजार लिटरची टाकी, फ्लोट स्विचसह मोटर, बारा फायबरची दारे, जाळीच्या आत एलईडी दिवे, म्हाताऱ्या माणसांसाठी एक कमोड आणि भिंतीला दांडी.

घरात शौचालय झाले तर हे सगळे लिहावेच लागणार नाही, हे मान्य. पण अनुदान घरापर्यंत येते आणि ड्रेनेज लाइन गल्लीच्या तोंडाशी थांबते. चार इंची पाइपला साधारण चाळीस फुटांना एक फूट उतार लागतो. तीन फुटी बोळात तो जमला नाही की लोक जवळच्या पावसाळी गटारात जोडणी करतात, आणि जुलैत तोच मैला खालच्या अंगाच्या घरात उलटा येतो. आधी बोळाची लाइन आणि चेंबर, मग घराचे अनुदान, हा क्रम उलटवू नये. घरोघरी शौचालये होईपर्यंत आणि झाल्यावरही, भाडेकरू आणि दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असणारे ब्लॉकवरच राहणार. घरोघरी झाली म्हणून ब्लॉक पाडायची घाई करू नये. नव्याने बांधायला जुना पाडायचा असेल तर आधी फिरती शौचालये तेवढ्याच सीटची उभी राहावीत, पाडकाम नंतर.

एक गोष्ट कानाडोळा करण्यासारखी अजिबात नाही. जिथे सेप्टिक टँक आहे तिथे मैला उपसणारी जेटिंग-सक्शनची गाडी बोळात शिरत नाही म्हणून माणूस उतरवला जातो. मैल्यातला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो, त्यामुळे ‘वास नाही, उतर’ हे सांगणे म्हणजे मरायला पाठवणे. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे गुन्हा आहे. असे दिसले तर काम थांबवा आणि १४४२० वर फोन करा.

तर, नव्या निविदेत एक अट घाला. प्रत्येक ब्लॉकसाठी तिथल्याच पाच बायकांची समिती, दर तीन महिन्यांनी बदलणारी, म्हणजे कोणा एकीवर दबाव येणार नाही. सही त्यांची, वस्तीच्या पुढाऱ्याची चालणार नाही. वहीत सात रकाने: तारीख, वेळ, पाणी, दिवा, चालू सीट महिला, चालू सीट पुरुष, सही. नोंद सकाळी सहा ते सातमध्येच. महिन्याच्या तीस नोंदींवरून चालू सीटची सरासरी निघेल आणि बिल त्या प्रमाणात, बारापैकी आठ चालू तर आठाचेच. ज्या बिघाडाची दुरुस्ती महापालिकेकडे आहे तो लेखी कळवला असेल तर ठेकेदाराची कपात होऊ नये, नाहीतर तो दार तुटल्याचे कधी सांगणारच नाही. वहीचे पान दर सोमवारी ब्लॉकच्या भिंतीवर लावावे, त्यावर कनिष्ठ अभियंता आणि आरोग्य निरीक्षक यांचे कार्यालयीन फोन क्रमांक असावेत. वही साठ पानी चालेल; सही करायला पेन दोऱ्याने बांधून ठेवावे लागेल.

आपले,
वस्त्यांमधील पाणी व शौचालय प्रश्नांवर काम करणारे कार्यकर्ते, पुणे