‘घरगुती थाळी’तलं कच्चं पिठलं आणि तुम्ही काढून टाकलेला अभिप्राय

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी आणि स्वयंपाकघराची जबाबदारी ज्यांच्याकडे असेल ते

विषय: ‘घरगुती थाळी’ ही ऑर्डर, तिच्यावरचा अभिप्राय आणि त्यानंतरचं फोनवरचं बोलणं

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच संपला, म्हणजे तिकडून कापला गेला, म्हणून आता लेखी देते आहे. बिल आणि फोटो सोबत जोडले आहेत.

तुमच्या अ‍ॅपवर ही थाळी ‘अगदी आईच्या हातची’ म्हणून ३४९ रुपयांना मिळते, वर ३५ रुपये पॅकिंगचे. पिठलं, ज्वारीच्या २ भाकरी, साधं वरण, भात, तूप, ठेचा आणि सोलकढी, असं तुम्हीच लिहिलं आहे. तुमचाच माल, तेव्हा या पदार्थांत काय असतं हे तुम्हाला ठाऊक असणार, असं मी धरून चालले होते. फोननंतर तसं धरता येत नाही, म्हणून सविस्तर लिहावं लागतंय.

पिठल्याचा डबा उपडा केला तर ते डब्याच्या आकारात ताटात उतरलं. पाटवडी म्हणून विकलं असतंत तर मी काही बोलले नसते. चमच्याने फोडल्यावर बोराएवढ्या गुठळ्या, आणि गुठळी फोडली की आत कोरडं पीठ. फोटो क्रमांक २ बघा. त्यात टोमॅटो आणि गरम मसालाही होता. तो कोणाच्या आईने घातला, याचा शोध तुम्ही घ्यायचा आहे.

बेसन असं कच्चं का राहतं, ते सांगते. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात भसकन ओतलं की गुठळीचा बाहेरचा थर लगेच शिजून बंद होतो आणि आतल्या पिठापर्यंत पाणी पोचतच नाही. पीठ पेरून पिठलं करणाऱ्या बायका एका हाताने पेरतात आणि दुसऱ्या हाताने घोटत राहतात, ते काही हौस म्हणून नाही. दुसरं कारण वाफेचं. पिठलं दाट व्हायला एखादं मिनिट पुरतं, शिजायला मात्र झाकणाखाली ७-८ मिनिटं लागतात. दाट झालं की झालं, असं समजून गॅस बंद करणाऱ्याचं पिठलं घशाला चिकटतं. माझा संशय असा, की तुमच्याकडे सकाळीच घट्ट गोळा करून ठेवतात आणि ऑर्डर आली की वरून पाणी मारून मायक्रोवेव्हमध्ये फिरवतात. एकदा बसलेलं पिठलं नंतर पाणी घेत नाही. पाणी बाजूला आणि गोळा बाजूला राहतो. डब्याच्या कडेला साचलेलं पिवळं पाणी फोटो क्रमांक ३ मध्ये आहे.

नीट पिठल्याला काय लागतं? बेसन १ वाटी, एकूण पाणी ३ वाट्या. बेसन १ वाटी गार पाण्यात कालवून गुठळ्या बोटांनी मोडायच्या. कढईत २ मोठे चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, ठेचलेल्या ८-१० लसूण पाकळ्या, ४ हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, मग १ बारीक चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की हळद, उरलेलं २ वाट्या पाणी आणि मीठ. पाण्याला खळखळून उकळी आली की कालवलेलं पीठ धारेने सोडायचं, दुसरा हात सतत ढवळत. मग आच मंद, झाकण, मधूनमधून ढवळणं. कडेने तेल दिसायला लागलं की कोथिंबीर घालायची आणि सैलसर असतानाच उतरवायचं, कारण निवताना ते आणखी आळतं. डब्यात भरून पाठवायचं असेल तर पाणी अर्धी वाटी जास्त. हे सगळं २० मिनिटांत होतं, आणि तुमचं ‘लाइव्ह ट्रॅकिंग’ माझी ऑर्डर त्याहून जास्त वेळ ‘प्रेमाने तयार होत आहे’ असं दाखवत होतं.

भाकरीचा मुद्दा चवीपुरता नाही, तो नीट वाचा. तुमची भाकरी दोन हातांनी ओढली तर ताणली गेली. ज्वारीची भाकरी तुटते, ताणली जात नाही. ज्वारीत ग्लुटेन (गव्हाच्या पिठाला ताण देणारं प्रथिन) नसतं, म्हणूनच तर पीठ कढत पाण्यात मळावं लागतं. कढत पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि तेवढ्या चिकटपणावर भाकरी थापली जाते. पीठ दळून फार दिवस झाले की त्याची विरी (चिकटपणा) जाते, थापताना कडा फाटतात, परातीवरून उचलताना तुकडा पडतो. अशा वेळी ताजं पीठ आणणं हा एक उपाय. गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळणं हा दुसरा, आणि तुमची भाकरी पाहता तुम्ही हाच निवडलेला दिसतो. तसं नसेल तर लेखी कळवा, मी शब्द मागे घेईन. ज्यांना गहू चालत नाही असे लोक ‘ज्वारीची भाकरी’ ही दोन शब्दांची हमी वाचून ऑर्डर देतात. सेलिअ‍ॅकच्या (ग्लुटेन न चालण्याच्या आजाराच्या) रुग्णाला चिमूटभर गहूसुद्धा बाधतो. १० किंवा त्याहून जास्त ठिकाणी खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी मेनूवर अ‍ॅलर्जी आणणाऱ्या घटकांची माहिती द्यायची असते, आणि तुमच्या शाखा किती आहेत हे तुम्ही होर्डिंगवर अभिमानाने लिहिता. मेनूवर गव्हाचं नाव कुठे आहे?

शिवाय भाकरी गरम असतानाच फॉइलमध्ये गुंडाळली होती. आत कोंडलेल्या वाफेचं पाणी होतं, ते भाकरी पिते आणि चामड्यासारखी होते. तव्यावरून काढल्यावर जाळीवर दोन मिनिटं उभी करून वाफ जाऊ द्या, मग कागदात गुंडाळा आणि डब्याला भोकं ठेवा. ३५ रुपयांच्या पॅकिंगमध्ये एवढं बसायला हरकत नसावी.

साधं वरण म्हणून जे आलं, त्यावर जिरं-लसणाचा तडका होता आणि लाल तिखटाचा तवंग. ती डाळ फ्राय आहे. साधं वरण म्हणजे तूरडाळ, हळद, हिंग, शिजल्यावर रवीने घोटून मीठ आणि गुळाचा खडा. त्याला फोडणीच नसते, म्हणून तर ‘साधं’. तूप म्हणून आलेल्या पुडीवर बारीक अक्षरांत ‘वनस्पती तेलयुक्त स्प्रेड’ असं छापलं आहे. ठेचा मिक्सरमध्ये पाणी घालून वाटलेला, म्हणजे चटणी. मिरची तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून लसूण आणि जाड मिठाबरोबर ठेचतात, पाणी पडत नाही. सोलकढीबद्दल न बोललेलं बरं. आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या रसाच्या, आंबटपणाचा पत्ता नाही आणि रंग मात्र गुलाबी आइस्क्रीमचा.

हे सगळं मी तुमच्या अ‍ॅपवर लिहिलं होतं, फोटोंसकट, एकही वावगा शब्द न वापरता. संध्याकाळपर्यंत अभिप्राय गायब आणि ‘आपला अभिप्राय आमच्या समुदायाच्या मार्गदर्शक तत्त्वांशी सुसंगत नाही’ असा संदेश. कुठल्या तत्त्वाशी, ते सांगितलेलं नाही. त्याच थाळीखाली पाच ताऱ्यांचा एक अभिप्राय अजून दिमाखात आहे: ‘बर्गर एक नंबर, चीज भरपूर’. तो समुदायाशी सुसंगत आहे. कच्च्या पिठल्याला कच्चं म्हणणं सुसंगत नाही. मग मी तोच मजकूर जसाच्या तसा दुसरीकडे सार्वजनिक टाकला, आणि तुमचे फोन सुरू झाले.

आता आजचा फोन. ‘घरच्या चवीच्या कुटुंबात आपलं स्वागत आहे’ हे रेकॉर्डिंग जाहिरातींसकट पुन्हा पुन्हा ऐकल्यावर कुटुंबातला एक मुलगा आला.

‘मॅडम, कोणता आयटम मिसिंग आहे?’

मिसिंग नाही, पिठलं कच्चं आहे, असं सांगितलं.

‘ओके मॅडम, म्हणजे सांडलंय?’

सांडलेलं नाही. सांडण्याइतकं पातळ असतं तर तक्रार अर्धी झाली असती.

‘मॅडम, माझ्याकडे चारच ऑप्शन आहेत. मिसिंग, सांडलं, उशिरा आलं, चुकीचा आयटम.’

मग ‘चुकीचा आयटम’ टाका, कारण हे पिठलं नाही.

‘पण मॅडम, बिलावर पिठलंच आहे.’

या मुलाविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याला चार बटणं देऊन बसवलं आहे आणि त्यात ‘कच्चं’ हे बटण नाही. खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपनीला अन्न कच्चं असू शकतं ही शक्यताच सुचली नाही, हे मात्र तुमच्याकडच्या कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलेलं असणार. त्यानंतर ‘सीनियर’ आले. त्यांचा सूर समजूत घालण्याचा होता, लहान मुलाची घालतात तसा.

‘मॅडम, आमचं पिठलं सेंट्रल किचनमध्ये सेट रेसिपीने बनतं, कच्चं राहूच शकत नाही. तुम्ही बहुतेक घरी पातळ पिठलं खाल्लं असेल. ऑथेंटिक टेक्स्चर असंच असतं.’

मी एकच विचारलं: झाकण ठेवून किती मिनिटं वाफ देता?

‘ते कॉन्फिडेन्शियल आहे.’

पिठल्याची वाफ गोपनीय! ‘आईच्या हातचं’ म्हणून विकायचं आणि आईने किती मिनिटं झाकण ठेवलं ते सांगायचं नाही. पुढे त्यांनी खरा मुद्दा काढला. अभिप्राय काढून टाकला तर १५० रुपयांचं कूपन मिळेल. अभिप्राय तर तुम्हीच काढला आहे, म्हटल्यावर म्हणाले, ‘तो आमच्या अ‍ॅपवरचा, मॅडम. तुम्ही बाहेर टाकलाय तो काढा.’ कूपनच्या अटी विचारल्या तर कळलं, की ते ४९९ रुपयांच्या वरच्या ऑर्डरवर चालतं आणि ७ दिवसांत संपतं. म्हणजे कच्च्या पिठल्याची भरपाई म्हणून मी आणखी दोन थाळ्या घ्यायच्या. हे लेखी द्या, असं म्हटलं आणि फोन कापला गेला. ‘गुणवत्तेसाठी कॉल रेकॉर्ड केला जातो’ असं तुम्हीच सांगता, तेव्हा हे सगळं तुमच्याकडे असेलच. ऐका एकदा. ‘ऑथेंटिक टेक्स्चर’ असं म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना गुठळी फोडून आतलं कोरडं पीठ दाखवा. फोटो क्रमांक २.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. ते ऐच्छिक आहे, पण वाचायला बंदी नाही. माझी मागणी अशी: थाळीचे आणि पॅकिंगचे पूर्ण पैसे मूळ खात्यात परत करा, वॉलेटमध्ये नकोत. अभिप्राय फोटोंसकट पूर्ववत करा, किंवा कोणतं तत्त्व मोडलं ते नेमकं सांगा. भाकरीच्या पिठात काय मिसळलं जातं ते लेखी कळवा आणि मेनूवर लिहा. वरणाचं नाव बदला किंवा वरण बदला.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मला पाठ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही, आणि ३८४ रुपये त्यात आरामात बसतात. भाकरीचं प्रकरण अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळं जाईल. ती धमकी समजा, चालेल.

वाईट याचं वाटतं, की तुमची सुरुवात चांगली होती. सुरुवातीच्या काळात भाकरी खरंच ज्वारीची असायची, वरणाला फोडणी नसायची आणि डब्यावर ‘आई’ हा शब्दही नव्हता. वसतिगृहातली मुलं आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना अशा जेवणाची गरज आहे. त्यांतले अनेक जण गुठळी बाजूला सारून मुकाट्याने जेवतात आणि कुठेही लिहीत नाहीत. त्यांचं मौन तुम्ही बहुतेक पाच ताऱ्यांत धरत असाल.

कूपन पाठवू नका.

आपली ग्राहक
(नाव आणि मोबाइल क्रमांक ऑर्डरच्या नोंदीत आहेत)

ता.क.: वरचं पिठल्याचं प्रमाण वापरायला माझी हरकत नाही. मात्र १ वाटी बेसनाचा हिशोब ५० वाट्यांसाठी सरळ गुणू नका. मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानाने कमी आटतं, म्हणून पाणी आधी थोडं हात राखून घाला आणि लागलं तर वरून उकळतं पाणी घाला, गार नको. मिरचीही पन्नासपट नको. वाफेची मिनिटं मात्र कमी करू नका, उलट वाढवा.